सात टाक्यांचा हातमोजा

महिन्याच्या पहिल्या सोमवारी बंधुसभेचं गाठोडं आलं, की काकूच्या लाँड्रीत एकाएकी गिऱ्हाइकं वाढायची. एरवी दोन-दोन महिने चादर न बदलणारी माणसं त्या दिवशी एखादा धुतलेलाच रुमाल घेऊन यायची, काउंटरवर कोपर टेकायची आणि बगळ्यासारखी मान लांब करायची. कोणी हळूच विचारायचं, "काय काकू, आलं का?" कोणी तर चक्क नाकानं हवा ओढून बघायचं. काकूला या माणसांची किळस यायची. कपड्याच्या मळाची तिला कधी आली नव्हती. तीस वर्षं तिनं दवाखान्याच्या चादरी धुतल्या होत्या, खाटकाचे सदरे धुतले होते. देवानं माणूस घामासकट घडवला, त्यात ओकारी कसली, असं तिचं म्हणणं. पण दुसऱ्याच्या गाठोड्यात नाक खुपसणारं माणूस दिसलं, की तिला ते सोड्यात बुडवून काढावंसं वाटायचं.

बंधुसभा म्हणजे रस्त्याच्या टोकाची दुमजली इमारत. खिडक्यांना आतून फळ्या ठोकलेल्या. महिन्यातून एकदा गावातले तीसेक पुरुष तिथं जमत, पांढरे एप्रन आणि पांढरे हातमोजे घालत आणि दार लावून घेत. आतलं बाहेर सांगायचं नाही अशी त्यांची शपथ. गावाला तेवढंच पुरलं. कोणी म्हणे ते कवटीतून पितात, कोणी म्हणे निवडणुकीचा निकाल तिथं आठ दिवस आधी लागतो, आणि हरवलेलं मांजरसुद्धा शेवटी बंधुसभेच्याच नावावर जमा व्हायचं.

या बातम्यांचा कारखाना मात्र काकूच्याच घरात होता. तिचा पुतण्या. आईबाप लवकर गेले म्हणून काकूनंच वाढवलेला. तोंडात तीळ भिजत नाही म्हणून गल्लीनं त्याचं नाव रेडिओ ठेवलं होतं. तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता, आणि उरलेला सगळा वेळ फोनसमोर बसून बंधुसभेची गुपितं सांगायचा. नऊ हजार माणसं ते बघायची. त्याची बायको कारखान्यात दिवसपाळीला, त्यामुळे त्यांची पाच वर्षांची चिमणी बालवर्ग सुटला की लाँड्रीतच. काकूनं इस्त्री करायची आणि चिमणीनं रुमाल मोजायचे, असा त्यांचा संसार.

"काकू, एक एप्रन दाखव फक्त," त्या सोमवारी रेडिओ दुकानाला जाता जाता थांबला. "तुझं तोंड दिसू देणार नाही."

"माझं तोंड दाखवण्यासारखं आहे. तुझंच झाकून ठेव."

"रक्ताचे डाग असतात म्हणतात."

"असतात ना. परवा तुझ्या बनियनला होते. ढेकूण चिरडलास."

काउंटरवरची दोघं-तिघं खो खो हसली. रेडिओ मात्र गंभीर. "लोकांना सत्य कळलं पाहिजे, काकू."

"सत्य पाहिजे ना? मग आधी आरशात बघ. दोन महिने डोक्याला कात्री लागली नाही. नीघ आता."

सगळ्यांना हाकलून, पडदा ओढून तिनं गाठोडं सोडलं. लाँड्रीत कपड्यावर नाव घालत नाहीत, खूण घालतात. बंधुसभेच्या प्रत्येक जोडीला काकूनं मनगटाच्या आतून रंगीत दोऱ्याचे टाके घातलेले होते. कोणते टाके कोणाचे हे चिटणिसाच्या वहीत. तिला नावं ठाऊक नव्हती आणि नको होती. पण हात बोलतात, त्याला कोण काय करणार? तीन लाल टाक्यांवाला नखं खायचा, त्याच्या मोज्याची टोकं चघळून चोथा झालेली. पाच हिरव्यांवाल्याच्या अंगठ्या नकली, आत हिरवे वण. असली मोठी मोठी माणसं, आणि हात हे असे.

सात निळ्या टाक्यांचा जोड तिनं उचलला आणि ती थबकली. गेले दोन महिने त्याच्यावर एखादा तपकिरी ठिपका असायचा. घोळणा फुटला असेल म्हणून तिनं सोडून दिलं होतं. या वेळी दोन्ही तळवे भरलेले होते, आणि तळव्यापासून मनगटापर्यंत बारीक बारीक शिंतोडे. शिवाय डाग पक्का बसलेला. रक्ताला थंड पाणी आणि मीठ लावतात, हे पोरगंही सांगेल. इथं कोणीतरी घाबरून उकळतं पाणी ओतलं होतं. लपवायला गेला आणि कायमचं कोरून ठेवलं.

असे शिंतोडे काकूनं एकदाच पाहिले होते. बापाच्या रुमालांवर, शेवटच्या वर्षी. मूठ तोंडाशी धरून खोकलं की असेच उडतात. तेव्हा क्षय म्हणायचे, आता टीबी म्हणतात. वास तोच.

तिनं मोजा उलटा केला. उजव्या तर्जनीच्या शिवणीत पूड साठली होती. गुलाबी, पिवळी, थोडी हिरवी. रंगीत खडू. हा खडू या गावात एकच माणूस वापरत होता. बालवर्गाचे मास्तर.

काकूनं ती पूड बोटावर घेऊन पुन्हा पाहिली. मास्तर! दर आठवड्याला प्रार्थनाघरात देवाच्या गोष्टी गाऊन सांगणारे मास्तर. काकू पहिल्या रांगेत बसायची. त्यांचा सूर लागला, की दिवसभराची सोड्याची जळजळ हातातून निघून जायची. गेल्या खेपेला ते मध्येच थांबले होते, पाठ फिरवून पाणी प्यायले होते. भक्तीनं गळा दाटला म्हणून सगळी सभा रडली होती. काकूनंही पदर ओला केला होता. आणि हे मास्तर रोज सकाळी सव्वीस पोरांना एका खोलीत घेऊन बसत. चिमणी त्यांच्या पायाशी, पहिल्या चटईवर.

रेडिओला सांगावं, तर दुपारच्या आत मास्तरांच्या दारावर दगड पडले असते. म्हणून तिनं उजवा मोजा कागदात गुंडाळला, डावा सोड्याच्या डब्यामागे ठेवला, शटर ओढून कुलूप लावलं आणि तडक बंधुसभा गाठली.

दार चिटणिसानंच उघडलं. हा निवृत्त कारकून, बोलणं लोण्यासारखं. बावीस वर्षं इथले कपडे धुतले, पण काकू पहिल्यांदाच आत गेली. ओल धरलेला गालिचा, उंदराच्या लेंड्यांचा वास. भिंतीवर रंगवलेला मोठा डोळा, त्याचे पोपडे सुटलेले. आणि कवटी होती! खरंच होती. प्लास्टरची, एक दात तुटलेली, आणि तिच्यात कोणीतरी टाचण्या ठेवल्या होत्या.

काकूनं कागद उलगडला. चिटणिसानं मोज्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"बाई, गाठोड्यातलं गाठोड्यात राहावं असं आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. पण खोकला गाठोड्यात राहत नाही, साहेब. कोणाचा मोजा तेही विचारलं नाहीत, म्हणजे तुम्हाला माहीत आहे तर."

"आमचे डॉक्टरबंधू बघतायत त्यांना. तीन महिने औषध चालू आहे."

"कोण डॉक्टर? चौकातले? ते दातांचे ना?"

"डॉक्टर तो डॉक्टर," चिटणीस म्हणाला. "सरकारी दवाखान्यात गेलं की नाव नोंदतात. नाव नोंदलं की शाळेला कळवतात. शाळेच्या समितीवर आमचे चौघे आहेत, मग त्यांनाही उत्तरं द्यावी लागतील. भावाचं दुखणं बाहेर जात नाही, ही आमची शपथ. सहा आठवड्यांनी सुट्टीच लागतेय."

"आणि सव्वीस पोरं?"

"खिडकी उघडी ठेवायला सांगितलंय."

हे तो इतक्या समाधानानं म्हणाला, की जणू पोरांना नवे कपडेच शिवले. मग जरा पुढं वाकून गुपित सांगावं तसं म्हणाला, "लोक आमच्याबद्दल काय काय बोलतात, ऐकता ना? कवट्या, रक्त. आम्ही कधी खोडून काढत नाही. सापसाप म्हणून माणसं भुई धोपटत बसली, की दुसरीकडे कोणी बघत नाही. उलट बरंच पडतं." आणि टेबलावरची बरणी पुढं केली. "पेपरमिंट घ्या. आमचं काम बावीस वर्षं तुमच्याकडेच आहे, हे लक्षात असू द्या."

काकूनं बरणीकडे पाहिलं. तिनं ती परत सरकवली. एवढी मोठी शपथ, एवढी कुलपं, एप्रन आणि डोळे रंगवलेल्या भिंती, आणि आत काय, तर घाबरट म्हाताऱ्यांची चिकट गोळी! सैतान असता तरी परवडला असता. सैतानाशी देवाचं नाव घेऊन भांडता तरी येतं. तिनं मोजा कागदात गुंडाळला आणि निघाली.

लाँड्रीचं शटर पूर्ण वर गेलेलं दिसलं तेव्हा ती पळतच सुटली. रेडिओकडे दुसरी किल्ली होती, आणि काकू बाहेर पडलेली पाहून तो दुकानातून परतला होता. तो काउंटरवर चढून उभा होता, एका हातात फोन, दुसऱ्या हातात डावा मोजा. समोर चाळीसेक माणसं.

"हे बघा! माझ्या स्वतःच्या घरात सापडलं! हे कोणाचं रक्त आहे?"

"लहान पोराचं असणार," एक बाई म्हणाली. "हात बघ की केवढासा."

"धुऊन आटलाय तो," काकू ओरडली. "रेडिओ, खाली उतर! ठेव तो आधी, आणि हात धू!"

"काकू, तू इतकी वर्षं लपवलंस?" आणि त्यानं मोजा फोनसमोर नाकाशी नेऊन हुंगला. नऊ हजार लोकांना वास कळावा म्हणून असेल.

काकूच्या ओठांवर नाव आलं होतं. तेवढ्यात तिला गर्दीतल्या मुठी दिसल्या. दोघा-तिघांनी रस्त्याच्या कामाची खडी उचलली होती. तिनं नाव गिळलं. गर्दी बंधुसभेकडे वळली आणि काकू मागच्या बोळानं शाळेकडे.

बालवर्ग सुटला होता. खोलीत मास्तर आणि चिमणी, दोघंच. चिमणी घागरीतून पेला भरून दोन्ही हातांनी मास्तरांना देत होती. मास्तर प्याले. उरलेलं चिमणीनं तोंडाला लावायच्या आत काकूनं पेला हिसकावला. "चिमणे, जा, अंगणात दोरीवर उड्या मार. शंभर मोज."

"मला वीसच येतात."

"मग पाच वेळा वीस मोज."

पोर गेली. मास्तर हसले. गाल खोल गेलेले, डोळे मोठे. "बोला काकू. परवाची कथा आवडली का?"

"आवडली. तुम्ही मध्येच थांबलात तेव्हा सगळ्या बाया रडल्या. मीसुद्धा. का थांबलात ते आज कळलं." तिनं मोजा टेबलावर ठेवला.

मास्तरांनी मोजा घडी करून बाजूला सारला. मग म्हणाले, "मी तोंड फिरवून खोकतो, काकू. पोरांकडे तोंड करून कधी नाही."

"आणि पेला?"

त्यांनी पेल्याकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच कुठून तरी उगवला.

"शपथ घेतलीय मी," ते पुटपुटले. "सगळ्यांनी घेतलीय, माझ्यासाठी. ती मोडायची म्हणजे..."

"कोणासमोर घेतलीत?"

"देवासमोर."

"मग देवाला विचारा ना! त्या चिटणिसाला कशाला विचारत बसता? तुम्हीच गाऊन सांगता, की देव लेकरांच्या घोळक्यात सापडतो. त्याच घोळक्यात बसून खोकताय, मास्तर."

"मला काढतील इथून. पोरांशिवाय मी काय करू, सांगा." आणि मग त्यांना उबळ आली. ते भिंतीकडे वळले, पाठ गदागदा हलत राहिली. काकूला त्यांची दया आली आणि किळसही आली, एकाच घोटात. या माणसाच्या पायावर तिनं डोकं ठेवलं होतं. तिनं आपला पदर नाकाला लावला, आणि तसं करताना तिला स्वतःचीच लाज वाटली. पण पदर काढला नाही.

"गर्दी निघालीय," ती म्हणाली. "आज त्यांच्या हातात मोजा आहे. उद्या नाव असेल. त्याच्या आत तुम्ही आपल्या पायांनी चला."

ते उठले. चिमणीला शेजारच्या वर्गातल्या बाईंकडे बसवलं, आणि मागच्या बोळातून ती दोघं सरकारी दवाखान्यात गेली. सिस्टरनं मास्तरांच्या तोंडाला पट्टी बांधली, अर्ज काढला आणि विचारलं, "रोज जवळ कोण कोण असतं?"

मास्तर डोळे मिटून सांगू लागले. हजेरीचं पुस्तक लागलंच नाही. पहिली चटई, खिडकीजवळून. मग दुसरी. कोण मांडीवर चढून बसतं, कोणाचं नाक वाहतं, कोणाला अक्षर दाखवताना हात धरावा लागतो. सिस्टर लिहीत होती. पहिलं नाव चिमणीचं होतं. सव्विसावं सांगून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "किती जणांना झालं असेल?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू?" सिस्टर म्हणाली. "गुरुवारी सगळ्यांना आणा."

दुपारीच गाडी मास्तरांना घेऊन मोठ्या इस्पितळात गेली. तिकडे गर्दीनं बंधुसभेचं दार फोडलं होतं. कवटी रस्त्यात आणून पेटवली, पण प्लास्टर पेटतंय कुठलं? ती नुसती काळी पडली आणि टाचण्या सगळीकडे सांडल्या. त्या गर्दीत सर्वांच्या पुढं उभे राहून "शरम वाटली पाहिजे!" असं ओरडणारे कोण, तर चौकातले दातांचे डॉक्टर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

संध्याकाळी काकूनं रेडिओला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. चिमणी त्याच्या मांडीवर झोपली होती. तो पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिला. काकूला वाटलं, याला कळलं. मग हळूहळू त्याचे डोळे चमकायला लागले.

"म्हणजे मुद्दाम! पोरांना रोग लावायचा डाव! काकू, हे तर कवटीपेक्षा मोठं आहे."

"अरे मूर्खा, मुद्दाम कोणी काही केलं नाही. घाबरले आणि गप्प बसले. हीच तर घाण आहे."

"एवढंच?" रेडिओचा चेहरा पडला. "एवढ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

त्यानं त्याला पाहिजे तेच सांगितलं. मास्तरांना इस्पितळात नेलं नाही, लपवलं. दवाखान्यातही त्यांचेच लोक. पोरांच्या हाताला गुरुवारी जी सुई टोचणार, त्यात काय आहे कोणाला ठाऊक? बुधवारपर्यंत चाळीस हजार लोकांनी ते पाहिलं. गुरुवारी दवाखान्यात नऊ पोरं आली.

चिमणी त्या नवांत होती, कारण काकूनं तिला काखोटीला मारून नेली. रेडिओ दारात आडवा आला तर त्याला म्हणाली, "तुला मी धुतलंय, पुसलंय. आता बाजूला हो, नाहीतर या वयात पुन्हा धुवीन."

शनिवारी चिमणीच्या हातावर, तपासणीची सुई टोचली होती तिथं, टणक, लाल गाठ उठली होती. सिस्टरनं मोजपट्टी लावून मोजली. पंधरा मिलिमीटर. छातीचा फोटो काढला. "आजार झालेला नाही अजून, पण लागण झाली आहे. सहा महिने रोज गोळी. एक दिवस चुकवायची नाही. वेळेवर आणलंत म्हणून बरं."

घरी आल्यावर काकूनं काही न बोलता पोरीची बाही वर सारली आणि तो हात रेडिओसमोर धरला. त्यानं बघितलं. बोट लावायला गेला आणि मागं घेतलं.

"दुखतं का गं?" त्यानं विचारलं.

"खाजतं," चिमणी म्हणाली. "बाबा, तू का नाही आलास?"

रेडिओनं तिची बाही हळूच खाली सारली. तो मागच्या न्हाणीत गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. फोन भिंतीला टेकवून त्यानं सांगितलं, मी खोटं बोललो. डाव-बीव काही नव्हता. मास्तर आजारी होते, काही लोकांनी लपवलं, आणि मी लपवणाऱ्यांचं काम सोपं केलं. ही माझी मुलगी. हा तिचा हात. सतरा पोरं अजून तपासायची आहेत, सोमवारी आणा.

पाच मिनिटांत उत्तरं यायला लागली. पहिलं उत्तर त्यानं दोनदा वाचलं. मग काकूला वाचून दाखवलं. "यालाही फोडला. किती मिळाले रे?" त्याखाली दुसरं. "गाठ रंगवलेली दिसते."

"हे तर माझेच लोक आहेत, काकू. मीच शिकवलेलं बोलतायत."

"मग? पेरलंस ते उगवणारच." तिला त्याचं सांत्वन करावंसं वाटलं नाही. सिस्टरकडून आणलेला कागद तिनं चष्मा लावून वाचला. त्यावर सतरा पत्ते होते. "चपला घाल."

"दारात उभं करणार नाहीत मला."

"नाही करणार. तरी चल. शिव्या तू खा, बोलायचं ते मी बोलते."

पहिलं घर पहिल्या चटईवरच्या पोराचं, चिमणीच्या शेजारी बसणाऱ्याचं. बेल वाजवली. आत पावलं थांबली. दार साखळी न काढता चार बोटं उघडलं, आणि फटीतून पोराची आई दिसली. तिनं काकूला पाहिलं, मग मागं उभ्या रेडिओला पाहिलं आणि तिचा चेहरा आंबला.

"काकू, तुम्ही आत जाऊन आलात ना बंधुसभेत? खरंच कवटी होती का हो?"

"होती," काकू म्हणाली. "तुझा मुलगा कुठं आहे?"

आतून कोणीतरी लहानसं खोकलं. बाईनं दार आणखी ओढून घेतलं. "तिथूनच सांगा, काय ते."

काकूनं पायरीवर बैठक मारली, फटीला तोंड लावलं आणि सांगायला लागली.